वेलीची फरसबी: आधी काठ्या, मग बी

बाजारात नुसता ‘घेवडा’ मागितला तर कोणी वालपापडी देतं, कोणी फरसबी. म्हणून बी घेताना ‘वेलीची फरसबी’ असंच सांगा आणि पाकिटावरचं जातीचं नाव वाचा. ‘अर्का कोमल’ झुडपी आहे, ‘केंटकी वंडर’ वेलीची. जागा थोडी असेल तर वेलच लावा. झुडूप दोन-तीन आठवड्यांत सगळा माल देऊन मोकळं होतं. वेल मात्र पुढे बरेच दिवस मूठ-मूठ शेंगा देत राहते.

पावसाचा जोर ओसरला की, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरा. कडक उन्हाळ्यात फुलं येतात आणि तशीच गळून जातात.

पेरणीआधी काठ्या रोवा. पहिल्या वर्षी मी वेली हातभर वाढल्यावर बांबू ठोकले, मुळं दुखावली आणि पाचातल्या तीन वेली माना टाकून बसल्या. सहा-सात फुटांच्या चार काठ्या गोल रोवून शेंडे सुतळीने एकत्र बांधा. काठी खरबरीत हवी. गुळगुळीत पाइपवरून वेल घसरते.

सकाळपासून पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडा. कुंडी निदान फूटभर खोल असावी. दोन भाग मातीला एक भाग कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड पुरे. युरिया घालू नका, नुसता पालाच माजेल.

बी रात्रभर भिजवू नका. फुगून चिरतं आणि मातीत सडतं. माती ओली करून प्रत्येक काठीपाशी इंचभर खोल दोन-तीन बिया टोचा आणि उगवेपर्यंत बेतानेच पाणी द्या. आठवडाभरात कोंब वर येतो तो मान वाकवून, दोन्ही डाळिंब्या पाठीवर घेऊन. वरची माती कडक झालेली असली तर ती मान तिथेच मोडते. म्हणून बियांवर माती न दाबता चाळलेलं खत भुरभुरवा. पुढे जोमदार रोप ठेवून बाकीची कात्रीने कापा. उपटलीत तर शेजारचं मूळही हलतं.

वेल स्वतःच काठीला वेढे घालते. वरून पाहिलं तर हे वेढे घड्याळाच्या उलट दिशेने जातात. भरकटलेला शेंडा गुंडाळायचा तर त्याच दिशेने, नाहीतर तो सुटून येतो.

फुलं लागली की पाण्यात खंड नको. पाणी बुंध्याशी द्या आणि पानं ओली असताना वेलींत हात घालू नका; तांबेरा तसाच पसरतो. मावा दिसला तर पानांच्या खालून निंबोळी अर्क फवारा.

साधारण दोन महिन्यांत तोडा सुरू होतो. शेंग वाकवली की कट्कन मोडावी, आतला दाणा बाहेरून जाणवू नये. दर दोन दिवसांनी तोडा. शेंगा जून होऊ दिल्या की वेल नवी फुलं धरत नाही. कच्ची शेंग मात्र खाऊ नका, शिजवूनच खा.

शेवटी सगळ्यात निरोगी वेलीवरच्या आठ-दहा शेंगा वाळेपर्यंत राहू द्या. हलवल्यावर दाणे खुळखुळले की काढून सावलीत सुकवा आणि कोरड्या बरणीत ठेवा, पुढच्या पेरणीसाठी.