ऑक्टोबरात सगळी बदकं मादीच दिसतायत? या चुका टाळा

ऑक्टोबर लागला की भिगवण, नांदूर मधमेश्वर या पाणथळींवरच्या बदकांचे फोटो पक्षी-ग्रुपवर यायला लागतात आणि खाली कॅप्शन ठरलेली, "थापट्या (म्हणजे शॉवेलर बदक), मादी". अहो, अख्खा थवा माद्यांचा कसा असेल?

होतं काय की वीण उरकली की नर भडक पिसं टाकून मादीसारखा मातकट होतो, याला एक्लिप्स म्हणतात. हे घडतं साधारण जून ते ऑगस्ट, तिकडे सैबेरिया, मध्य आशियात, आणि त्याच सुमारास उडायची पिसंही एकदम गळतात, तीन-चार आठवडे उडताच येत नाही, मग लपायला मातकट रंगच बरा. आपल्याकडे पोचतो तेव्हा साहेबांचा मेकअप अर्धवट असतो.

त्यामुळे अंगाच्या रंगावरून नर-मादी ठरवू नका. पंखाची पिसं वर्षातून एकदाच बदलतात म्हणून नराचा पंख एक्लिप्समध्येही नराचाच राहतो. थापट्या पंख ताणायला लागला की बर्स्ट मारा (कॅमेऱ्यात सलग भराभर फोटो घ्या), खांद्याजवळ स्वच्छ फिकट निळा पट्टा आणि डोळा पिवळा असेल तर तो नर. तलवार बदकाची (पिनटेल) ती लांब टोकदार शेपटी नसली तरी चोच बघा, नराच्या चोचीच्या कडा निळसर राखाडी असतात, मादीची चोच सगळीच गडद.

भुवई बदकात (गार्गनी) तर फारच गोंधळ, कारण नराची ती पांढरी भुवई बऱ्याचदा फेब्रुवारीपर्यंत येतच नाही आणि लोक सरळ चक्रांग (कॉमन टील, दुसरं छोटं बदक) लिहून मोकळे होतात. चेहरा झूम करा: डोळ्यातून एक गडद रेघ, गालावर खाली दुसरी, चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका, म्हणजे भुवई बदक. चक्रांगला शेपटीच्या बाजूला बारीक पांढरी रेघ असते.

रंग बदलणाऱ्या थापट्याच्या चेहऱ्यावर कधीकधी पांढरी चंद्रकोर येते, की लगेच "रेअर, हायब्रिड (संकर)!" चोच फावड्यासारखी आहे ना, मग शांत बसा. हळदी-कुंकू बदकात एक्लिप्स शोधू नका, नर-मादी बारा महिने सारखेच दिसतात.

आणि डिसेंबरात एखादं पाहुणं बदक उडत नसेल तर "पिसं गळतायत" म्हणून सोडून देऊ नका, तो टप्पा तिकडेच संपलेला असतो, हे बहुतेक जखमी किंवा आजारी असणार, वनविभागाला कळवा.

पंख, चोच काहीच धड दिसलं नाही तर ईबर्डवर (पक्षी-नोंदींची वेबसाइट) नुसती संख्या टाका, नर-मादी लिहायची सक्ती नाहीये.