आयटीआयनंतर नेव्हल डॉकयार्ड: परभणीकडच्या मुलांसाठी माझा अनुभव

मुंबईत हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोड नावाचं स्टेशन आहे. नेव्हल डॉकयार्ड तिथं नाही. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण माझ्यासोबत परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसनं आलेला एक मुलगा कागदपत्रं तपासायच्या दिवशी त्याच स्टेशनावर उतरला, भलत्याच गेटवर तासभर उभा राहिला आणि त्याची पाळी गेली. त्या स्टेशनाजवळ आहे तो माझगाव डॉक. तिथं युद्धनौका आणि पाणबुड्या बांधतात आणि ती वेगळी सरकारी कंपनी आहे. नेव्हल डॉकयार्ड फोर्टात, शहीद भगतसिंग रोडवरच्या लायन गेटच्या आत. सीएसएमटीवरून पायी जाता येतं. विशाखापट्टणम, मोरमुगाओ, इंफाळ आणि सुरत या चार विनाशिका माझगावात बांधल्या, पण २०२१ ते २०२५ या काळात नौदलात दाखल झाल्या त्या आमच्या धक्क्यावर. पुढची पंचवीस-तीस वर्षं अशी जहाजं धडधाकट ठेवायची, हे डॉकयार्डाचं काम.

आमचं गाव गंगाखेड तालुक्यात. माझे वडील, अण्णा, साखर कारखान्यात फिटर होते. मी डॉकयार्डात जायचं म्हटल्यावर ते म्हणाले, "कामून रे? आपल्याला गोदावरीत पोहता येईना, अन् तू समुद्रावर जायलास." मलाही तेव्हा वाटलं होतं की आपल्याला तिथलं काही समजणार नाही. प्रत्यक्षात पहिल्या दोन महिन्यांतच बरंचसं ओळखीचं निघालं, आणि ते अण्णांमुळेच.

आपल्याकडं गळीत हंगाम संपला की बाहेरच्याला वाटतं कारखाना बंद पडला. पण फिटरचं खरं काम तिथून पुढं असतं. मिलचे रोलर बाहेर निघतात, बेअरिंगं उघडतात, बॉयलरच्या नळ्यांची हायड्रॉलिक टेस्ट होते, पंप खोलून मांडले जातात. दसऱ्याच्या आगेमागे बॉयलरचं अग्निप्रदीपन आणि मग गव्हाणीत मोळी. त्या चार-सहा महिन्यांत जे उघडून बघितलं नाही, ते भर हंगामात रात्री दोन वाजता दगा देतं. जहाजाचं रिफिट म्हणजे हेच. छोटं असेल तर शॉर्ट रिफिट, त्याहून मोठं नॉर्मल रिफिट, आणि जहाजाचं अर्धं आयुष्य उलटल्यावर मीडियम रिफिट, ज्यात यंत्रं, केबली, रडार, शस्त्रं असं पुष्कळ काही बदललं जातं. मधल्या काळातली लहान देखभाल जहाजावरचे लोक स्वतः करतात. फरक एवढाच की कारखान्यात मिल बंद पडली तर ऊस गाडीतच वाळतो. भर समुद्रात मेन इंजिन बंद पडलं तर दोन-अडीचशे माणसं तिथंच अडकतात.

आता सुकी गोदी. हिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागातल्या मुलाला हे चित्र डोळ्यासमोर आणणं सगळ्यात अवघड जातं. समुद्राच्या काठाला दगडी किंवा काँक्रीटचा लांबलचक हौद समजा, समुद्राकडच्या बाजूला हलवता येणारं पोलादी दार. त्याला केसन म्हणतात. हौदात पाणी भरायचं, दार बाजूला करायचं, भरतीची वेळ साधून जहाज आत ओढायचं, दार लावायचं आणि पंपानं पाणी उपसायचं. पाणी उतरत जातं तसं जहाज खाली मांडून ठेवलेल्या ठोकळ्यांवर बसतं. हे ठोकळे अंदाजानं मांडत नाहीत. प्रत्येक जहाजाचा डॉकिंग प्लॅन असतो. पोटाचा आकार, आतल्या बळकट फ्रेमा कुठं आहेत, पाण्याखालचा वेध घेणाऱ्या सोनार यंत्राचा घुमट कुठं आहे, हे बघून ब्लॉकची जागा आणि उंची ठरते. सगळ्यात नाजूक वेळ मधली असते. जहाजाचा एक भाग टेकलेला असतो, बाकीचं अजून तरंगत असतं आणि तेव्हा त्याचा तोल सगळ्यात कच्चा असतो. त्या वेळी पाणबुडे खाली जाऊन ठोकळे बघतात आणि वर कुणी मोठ्यानं बोलतसुद्धा नाही.

मुंबईच्या डॉकयार्डात जुन्या गोद्या आहेतच. लवजी नसरवानजी वाडिया १७३५ च्या सुमारास सुरतेहून इथं आले आणि त्यांच्या घराण्यानं सागवानी जहाजं बांधली. त्यांतलं १८१७ साली पाण्यात उतरलेलं ट्रिंकोमाली आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. दोनशे वर्षं टिकलेलं लाकूड! मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो. पण विमानवाहू जहाज मावेल अशी गोदी नौदलाला इथं मिळाली ती २८ सप्टेंबर २०१९ ला. लांबी २८१ मीटर, रुंदी ४५, खोली १७. काठोकाठ भरलेली धरली तर साडेएकवीस कोटी लिटर पाणी. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे यायची, तिच्या पन्नास टाक्यांच्या एका खेपेत २५ लाख लिटर यायचं. म्हणजे अशा ८६ खेपा. आम्ही लहानपणी टँकरमागं घागरी घेऊन पळालेली माणसं. एवढं पाणी मुद्दाम उपसून परत समुद्रात सोडतात, हे पहिल्यांदा बघताना मला बराच वेळ काही सुचलं नव्हतं.

पाणी उपसलं की जहाजाचं पोट दिसतं आणि वास येतो. शेवाळ, शिंपले, बार्नॅकल, सगळं चिकटलेलं. या थरानं जहाजाचा वेग पडतो आणि इंधन जास्त जळतं. जास्त दाबाच्या पाण्यानं ते काढतात, ब्लास्टिंग करून, म्हणजे बारीक कणांचा मारा करून, पत्रा उघडा करतात, आणि मग अल्ट्रासोनिक यंत्रानं जागोजागी पत्र्याची जाडी मोजतात. कुठं गंजून पातळ झालाय ते नकाशावर उतरवतात. झिंकचे ठोकळे ठिकठिकाणी बसवलेले असतात. खाऱ्या पाण्यात जहाज ढकलणारा काशाचा पंखा आणि पोलादी पत्रा एकत्र आले की पोलाद झिजतं, म्हणून पोलादाच्या आधी झिजायला हे झिंक. काढलेला ठोकळा अर्धा खाल्लेला दिसला तर समजायचं की त्यानं काम केलं. मग एकावर एक रंगाचे हात, शेवटी शेवाळ धरू न देणारा रंग.

फिटरचं काम सी व्हॉल्व्हपासून सुरू होतं. जहाजाच्या पोटाला समुद्राचं पाणी आत घ्यायची तोंडं असतात, यंत्रं थंड करायला आणि आगीच्या लाइनला. प्रत्येक तोंडावर व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह निवांत खोलायचा तर गोदीतच, कारण बाहेर त्याच्या पलीकडं समुद्र उभा असतो. खोलायचा, घासायची पेस्ट लावून डिस्क म्हणजे झाकण आणि सीट म्हणजे ते जिथं टेकतं ती कडा एकमेकांवर फिरवायची, पुसायची, मग पातळसा निळा रंग लावून डिस्क टेकवून उचलायची. पूर्ण गोलावर सलग निळी रेघ उमटली पाहिजे. माझ्या पहिल्या व्हॉल्व्हला रेघ एका ठिकाणी तांदळाच्या दाण्याएवढी तुटत होती. दुपार सरत आली होती, हात भरून आले होते. बोल्ट आवळले की बसेल म्हणून मी तो बंद केला आणि फॉर्मवर 'ठीक' लिहिलं.

आमच्या गँगचे म्होरके रत्नागिरीकडचे होते, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. त्यांनी फॉर्म बघितला आणि विचारलं, "रेघ कुणी बघितली?" मी खरं सांगून टाकलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "समुद्रात हा उघडायला तू जाणार नाहीस." सगळे बोल्ट परत काढले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी ती रेघ जुळवत बसलो. मुलांनो, या नोकरीत लागणारा मोठा गुण कुठला, असं मला विचाराल तर हा: मोजलं तेवढंच लिहायचं. पंख्याच्या शाफ्टची बेअरिंगं पाण्यावर चालतात, ती किती झिजली हे चारही बाजूंच्या फटीत फिलर, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पत्त्या, घालून मोजतात आणि मागच्या डॉकिंगच्या आकड्यांशी ताडून बघतात. तुम्ही अंदाजानं लिहिलेला आकडा तीन-चार वर्षांनी दुसरा कुणीतरी खरा मानून निर्णय घेणार असतो.

म्हणून आयटीआयमध्ये असतानाच व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि डायल गेजवर हात पक्का करा. ड्रॉइंग वाचायला शिका. अनेक मुलं फाइलिंगचा जॉब उत्तम करतात, पण टॉलरन्स म्हणजे काय (मापात किती फरक चालतो ते) असं विचारलं की गप्प होतात. गावात मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात किंवा कारखान्याच्या मेंटेनन्सला काम केलं असेल तर ते कमी समजू नका, मला त्याचाच आधार झाला.

यंत्रं नाना देशांची असतात. काही जहाजांवर डिझेल इंजिनं, काहींवर गॅस टर्बाइन, काहींवर दोन्ही. रशियन बनावटीच्या सामानावर रशियन अक्षरं असतात आणि ती फसवतात: इंग्रजी पी सारखं दिसतं तो 'र', एच सारखं दिसतं तो 'न', सी सारखं दिसतं तो 'स'. पार्ट नंबर चुकीचा वाचला तर स्टोअरमधून भलताच पार्ट येतो आणि चार दिवस जातात. मी ती अक्षरं वहीच्या मागच्या पानावर लिहून पाठ केली होती, तुम्हीही करा. गॅस टर्बाइनचं पूर्ण ओव्हरहॉल विशाखापट्टणमला, आयएनएस एक्सिला या नौदलाच्या केंद्रात होतं. वेल्डरांसाठी एक गोष्ट: नव्या युद्धनौकांचं डीएमआर २४९ ए हे पोलाद हैदराबादच्या संरक्षण प्रयोगशाळेनं तयार केलेलं आहे. त्याला इलेक्ट्रोड कोरडेच लागतात, ओव्हनमध्ये भाजलेले. दमट इलेक्ट्रोडनं मारलेला जोड वरून सुंदर दिसतो आणि आतून तडकतो.

सुरक्षेबद्दल मी कितीही बोललो तरी कमीच. बंद टाकीत शिरण्याआधी आतली हवा तपासलेली पाहिजे. जुन्या टाकीत गंज चढताना ऑक्सिजन खाल्लेला असतो, वास येत नाही, माणूस नुसता खाली बसतो आणि उठत नाही. एक जण पडला म्हणून दुसऱ्यानं तसंच आत उडी मारायची नाही. आपल्याकडं विहिरीत आणि शेणखताच्या खड्ड्यात अशीच एकामागून एक माणसं गेलेली आहेत. वेल्डिंग-कटिंगला लेखी परवानगी लागते आणि पत्र्याच्या पलीकडच्या खोलीतही माणूस उभा लागतो, कारण ठिणगी इकडं पडते आणि आग तिकडं लागते. आग विझवायला मारलेलं पाणी जहाजातच साठतं आणि तोल बिघडवतं, हेही शिकवतात. याच डॉकयार्डात डिसेंबर २०१६ मध्ये आयएनएस बेतवा गोदीतून बाहेर काढताना आडवी झाली, दोन नौसैनिक गेले. जुलै २०२४ मध्ये रिफिटमधल्या आयएनएस ब्रह्मपुत्राला आग लागली, पुढं जहाज कललं आणि एक नौसैनिक गेला. हेल्मेट घालायला कंटाळणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी ही दोन नावं सांगतो.

आत जायचा रस्ता असा. डॉकयार्ड अप्रेंटिस स्कूलची जाहिरात निघते. आयटीआय झालेल्यांसाठी फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, मशिनिस्ट, पेंटर असे पुष्कळ ट्रेड असतात. लेखी परीक्षा, मग कागदपत्रं, मग वैद्यकीय. अप्रेंटिसशिप म्हणजे नोकरी नव्हे, हे घरी आधीच नीट सांगा. कायद्यानं नोकरी द्यायचं बंधन नाही. पण ट्रेड टेस्ट पास होऊन प्रमाणपत्र मिळालं की नौदलाच्या नागरी भरतीत, विशेषतः ट्रेड्समनच्या जागांना, त्याचा उपयोग होतो. नोकरी लागली तरी तुम्ही नागरी कर्मचारीच. गणवेशातले नौसैनिक आणि अग्निवीर यांची भरती वेगळी.

कागदपत्रांत आपली मुलं फार अडकतात. दहावीच्या सनदेवर, आयटीआयच्या मार्कशीटवर आणि आधारवर नाव एकसारखं करून घ्या. जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. आपल्याकडं एनटीत असलेल्या बऱ्याच जाती केंद्राच्या यादीत ओबीसीत येतात, तेव्हा यादी बघूनच फॉर्म भरा. तहसीलला हेलपाटे जाहिरात निघायच्या आधीच घाला, नंतर वेळ पुरत नाही.

मुंबईत राहणं महाग पडतं. बहुतेक जण पाच-सहा मिळून लांब उपनगरात खोली घेतात. फोन आत नेता येत नाही, घरच्यांना ते सांगून ठेवा, नाहीतर दिवसभर फोन लागला नाही की आई घाबरते. आतलं काय दिसलं, कुठलं जहाज कुठं आहे, हे मित्रांना सांगायचं नाही आणि कुठं टाकायचंही नाही. मीसुद्धा इथं जे सगळ्यांना माहीत आहे तेवढंच लिहिलं आहे.

माझं पहिलं अनडॉकिंग, म्हणजे जहाज गोदीतून बाहेर काढणं, पावसाळ्याच्या तोंडावर होतं. गोदीत पाणी सोडायच्या आधी प्रत्येकाला एकेक जागा नेमून दिली. मला मामांनी माझ्याच व्हॉल्व्हसमोर बसवलं, हातात टॉर्च आणि कोरडं फडकं. बाहेर पाणी चढल्याचा आवाज पत्र्यातून येत होता. जहाज ठोकळ्यांवरून सुटलं तेव्हा पायाखाली किंचित हललं. मी व्हॉल्व्हच्या बोल्ट मारलेल्या जोडाच्या, म्हणजे फ्लँजच्या, खालून फडकं फिरवलं आणि टॉर्चमध्ये धरलं. कोरडं होतं. दहा मिनिटांनी परत फिरवलं. मामा शिडीवरून वाकून म्हणाले, "लिही." मी वेळ लिहिली आणि पुढं 'गळती नाही' असं लिहून सही केली.