प्लेटलेट द्यायला जाण्याआधी

पावसाळ्यात पुण्यात डेंग्यू वाढला की सोसायटीच्या ग्रुपवर ‘एसडीपी डोनर हवा’ असे निरोप येऊ लागतात. एसडीपी म्हणजे एकाच दात्याकडून मशीनने काढलेल्या प्लेटलेट, रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी. तुम्ही हो म्हटलं असेल तर तयारीला आदल्या दिवशीच लागा. गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतली असेल तर रक्तपेढीला फोन करून सांगा. त्या गोळीने प्लेटलेटचा चिकटपणा जातो आणि रुग्णाला तोच हवा असतो. भरपूर पाणी प्या, झोप पुरी करा. उपाशी जाऊ नका, पण त्या सकाळी मिसळ नकोच. तेलकट खाण्याने प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, दुधाळ होतो आणि सगळी खटपट वाया जाऊ शकते. नाचणीची आंबील, दूध, दही असं कॅल्शियमचं खाणं घ्या.

कॅल्शियम का, हे नीट समजून घ्या. मशीन रक्त घेतं, प्लेटलेट वेगळ्या काढतं आणि बाकीचं परत देतं. या फेरीत रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळतात. गोठण्याला कॅल्शियम लागतंच. सायट्रेट तेच धरून ठेवतं. रक्त देण्यासाठी सायट्रेटचा वापर १९१४ साली सुरू झाला, आणि त्यामुळेच दाता व रुग्ण एकाच वेळी शेजारी असण्याची गरज संपली. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. परत येणाऱ्या रक्ताबरोबर थोडं सायट्रेट तुमच्या अंगातही जातं, म्हणून ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात. यकृत ते लवकर मोडतं. तरीही मुंग्या जाणवताक्षणी सांगा, सोसत पडून राहू नका. तंत्रज्ञ मशीनचा वेग कमी करतात, कॅल्शियमची गोळी देतात. दुर्लक्ष केलं तर हातपाय वळू शकतात.

आधी तपासणीसाठी जांभळ्या टोपीच्या नळीत रक्त घेतात. तिच्यातलं ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायनसुद्धा कॅल्शियमच बांधतं. काही मोजक्या लोकांच्या प्लेटलेट मात्र ईडीटीएत गुठळ्या करतात आणि आकडा खोटाच कमी येतो. एरवी ठणठणीत असताना तुमचा आकडा दीड लाखाच्या खाली आला, तर निळ्या टोपीच्या सायट्रेट नळीत पुन्हा मोजायला आवर्जून सांगा. त्या नळीत द्रव मिसळलेला असल्याने आलेल्या आकड्याला १.१ ने गुणतात.

ओळखपत्र, सैल बाह्यांचा शर्ट आणि शाल बरोबर असू द्या. परत येणारं रक्त किंचित गार लागतं. दीड-दोन तास मोकळे ठेवा. येताना दुचाकी दुसऱ्या कोणाला तरी चालवू द्या.