हे एन्झाइम कशावर काम करतं?

संसर्ग झालेल्या पेशीतली एन्झाइम्स विषाणूला कशी निकामी करतात, हा विषय हाती घेतला की सुरुवातीलाच नावांनी दमछाक होते: एपोबेक३जी, सॅमएचडी१, ओएएस, पीकेआर. नावं पाठ करण्याऐवजी मी वहीत प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहू लागलो, हे नेमकं कशावर काम करतं? तिथून विषय उलगडत गेला.

एपोबेक३जीचं एचआयव्हीविरोधी काम २००२ साली समोर आलं. हे एन्झाइम तयार होणाऱ्या विषाणूकणात शिरतं, त्याच्याबरोबर पुढच्या पेशीत जातं आणि तिथे आरएनएवरून डीएनए बनताना नव्या धाग्यातल्या सायटोसिन या घटकाचं युरॅसिल करतं. त्यामुळे विषाणूच्या जनुकसंचात जागोजागी जी (ग्वानिन) या अक्षराऐवजी ए (अ‍ॅडेनिन) येतो. विषाणूचं व्हिफ हे प्रथिन मात्र पेशीच्याच प्रोटिएसोमकडून, म्हणजे नको असलेली प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रणेकडून, एपोबेक३जी नष्ट करवून घेतं. म्हणून व्हिफ नसलेल्या विषाणूचा अनुक्रम सॉफ्टवेअरला देण्याआधी एकदा डोळ्यांनी वाचाच. जिथे दोन जी शेजारी होते, तिथे ए दिसू लागतात. मला हे एन्झाइम खरं समजलं ते तेव्हा.

सॅमएचडी१ डीएनए बांधायला लागणारे सुटे न्यूक्लिओटाइड मोडून विषाणूची रसद तोडतं. विभाजन होणाऱ्या पेशींत त्याच्या ५९२व्या जागेवरच्या थ्रिओनिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसतं आणि हा अटकाव उरत नाही. टीएचपी-१ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींना प्रयोगाआधी पीएमए हे रसायन देतात ते याचसाठी: विभाजन थांबवायला.

नवख्यांचा सर्वाधिक गोंधळ रायबोन्यूक्लिएज एलपाशी होतो. विषाणूचा दुहेरी आरएनए दिसला की ओएएस एटीपीपासून २-५ए हा छोटा रेणू बनवतं. तो चिकटला की रायबोन्यूक्लिएज एलच्या जोड्या जमतात आणि ते एकेरी आरएनए कापू लागतं, विषाणूचा आणि पेशीचाही. मग आरएनए आकारानुसार वेगळा करणाऱ्या जेलवर १८एस आणि २८एस या रायबोसोमच्या आरएनएच्या नेहमीच्या पट्ट्यांखाली वेगळे पट्टे उमटतात. नमुना खराब झाला म्हणून तो टाकून देऊ नका. हाताळणीत बिघडलेला आरएनए बहुधा पसरट दिसतो. इथे पट्टे ठळक, ठरावीक जागी असतात. शेजारी संसर्ग न केलेल्या पेशींचा नमुना नेहमी चालवा. तो शाबूत असेल, तर काम एन्झाइमचं असण्याची शक्यता मोठी. तरीही शंका राहिली, तर रायबोन्यूक्लिएज एलचं जनुक काढलेल्या पेशींत तोच प्रयोग करा. तिथे ते पट्टे येत नाहीत.