३,३५,५०,३३६ ही संख्या कागदावर कशी उलगडावी

तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस. एवढी संख्या पाहिली की हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. तो बाजूला ठेवा आणि पेन्सिल घ्या.

१. आधी निम्मी करत जा. शेवटी ६ आहे, म्हणजे २ ने भाग जाणारच. पहिल्यांदा १,६७,७५,१६८ येतील, मग ८३,८७,५८४. विषम संख्या येईपर्यंत थांबू नका. दर भागाकाराला समासात एक रेघ मारा. भागाकार सहसा चुकत नाही, किती वेळा भागलं ते विसरायला होतं. बाराव्या रेघेला ८१९१ हाती येतात. म्हणजे आपली संख्या ४०९६ × ८१९१, आणि ४०९६ हा २ चा बारावा घात.

२. आता ८१९१ मूळ संख्या आहे का ते बघा. खरी गंमत इथे आहे. तिचं वर्गमूळ ९० च्या जरासं वर, म्हणजे ८९ पर्यंतच्या चोवीस मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल. पण ८१९१ म्हणजे २ चा तेरावा घात वजा १. १३ मूळ असल्यामुळे, फर्माच्या प्रमेयानुसार, अशा संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवातून १ वजा केला तर उरलेल्याला १३ ने भाग जातो. अवयव विषमच असणार, म्हणून २६ नेही जातो. ९० च्या आत असे उमेदवार तीनच: २७, ५३, ७९. त्यातली २७ मूळच नाही. ५३ ने भागल्यावर बाकी २९ उरते, ७९ ने भागल्यावर ५४. झालं, ८१९१ मूळ ठरली.

घातांक मूळ असला म्हणून दर वेळी असं होतं असं मात्र समजू नका. २ चा अकरावा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ती २३ × ८९ अशी फुटते.

३. विभाजक मोजा. घातांकांत (२ चा १२, ८१९१ चा १) एकेक मिळवून गुणा: १३ × २ = २६.

४. त्यांची बेरीज करा, पण सव्वीस आकडे मांडत बसू नका. १ पासून ४०९६ पर्यंतच्या २ च्या घातांची बेरीज ८१९१; दुसऱ्या बाजूला १ + ८१९१ = ८१९२. गुणाकार ६,७१,००,६७२, म्हणजे आपल्या संख्येच्या बरोब्बर दुप्पट! यातून ती संख्या स्वतः वगळली की उरलेल्या २५ विभाजकांची बेरीज तीच संख्या येते. म्हणून ही परिपूर्ण संख्या; ६, २८, ४९६, ८१२८ नंतरची पाचवी. २ चा एखादा घात गुणिले त्याच्या दुपटीतून १ वजा करून येणारी मूळ संख्या, हा साचा युक्लिडने दिला, आणि प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच साच्यातली असते हे ऑयलरने सिद्ध केलं. विषम परिपूर्ण संख्या अजून एकही सापडलेली नाही.

(अंकांची बेरीज २८ येते, तीही परिपूर्ण. हा निव्वळ योगायोग.)

५. हौस उरली असेल तर विषम संख्यांचे घन मिळवून बघा. १ + २७ = २८. पुढे १२५ आणि ३४३ मिळवले की ४९६. असंच १२७ च्या घनापर्यंत गेलात की ३,३५,५०,३३६ येतात.