गोव्यातील पहिला नाताळ आणि स्लो कुकरमधील टर्की ब्रेस्ट

महाराष्ट्रातून गोव्यात स्थायिक झालेल्या कुटुंबांना पहिल्याच डिसेंबरात शेजारच्या ख्रिस्ती घरातून नेवऱ्या, दोदोल आणि बेबिंक या गोड पदार्थांचे ताट येते, आणि त्या आपुलकीला शोभेल असे जेवण आपणही घालावे, असे त्यांना मनापासून वाटते. त्याच सुमारास पणजी-मडगावच्या मोठ्या दुकानांत गोठवलेली टर्की दिसू लागते. भाड्याच्या घरात बहुधा ओव्हन नसतो, पण पुण्या-मुंबईहून आणलेला स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर बराच वेळ शिजवणारे विजेचे भांडे, असतो, आणि तो या कामाला पुरेसा आहे. मात्र अख्खी टर्की त्यात घालण्याचा विचार करू नये. हाडासह सुमारे दोन किलोचे ब्रेस्ट, म्हणजे छातीचा तुकडा, घ्यावे. बिनहाडाचे ब्रेस्ट लवकर कोरडे पडते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गोठलेले किंवा अर्धवट गोठलेले मांस स्लो कुकरमध्ये कधीही घालू नये. मागे एका नव्या कुटुंबाने सकाळी फ्रीझरमधून काढलेले ब्रेस्ट तसेच कुकरमध्ये ठेवले. रात्री पाहुणे जेवायला बसले तेव्हा ते बाहेरून शिजलेले आणि हाडाजवळ कच्चे निघाले, आणि तो महागडा तुकडा संपूर्ण फेकावा लागला. त्या घरात कोणी आजारी पडले नाही, हे त्यांचे नशीब. ४ ते ६० अंश सेल्सियस या टप्प्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि स्लो कुकर मुळातच सावकाश तापत असल्यामुळे गोठलेला तुकडा त्या टप्प्यात तासन्‌तास अडकून राहतो. ओट्यावर ठेवून डीफ्रॉस्ट करणेही तितकेच घातक आहे, कारण गोव्यात डिसेंबरची दुपारसुद्धा तीस अंशांच्या पुढे जाते. ब्रेस्ट दोन दिवस आधी खोल ताटात ठेवून फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे. दोन किलोला साधारण चोवीस तास लागतात, पण हाडाजवळचा भाग मागे राहतो, म्हणून दुसरा दिवस हाताशी असू द्यावा. ते नळाखाली धुऊ नये, कारण उडालेल्या शिंतोड्यांबरोबर जिवाणू ओटाभर पसरतात.

मसाल्याच्या बाबतीत आपली मंडळी कांदा-लसूण मसाल्याचा हट्ट धरतात, तो येथे सोडावा असे माझे स्पष्ट मत आहे. कोथिंबीर, हिरवी मिरची, आले, लसूण, मिरी, दालचिनी आणि लवंग माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटून केलेला गोव्याच्या काफ्रेआलचा हिरवा मसाला टर्कीच्या सौम्य मांसाला फार चांगला लागतो. तो कातडीखाली बोटांनी सारून रात्रभर फ्रीजमध्ये मुरू द्यावा. वेष्टनावर मिठाच्या पाण्याचा उल्लेख असेल तर मीठ निम्मे करावे. व्हिनेगर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळते.

कुकरच्या तळाशी बटाटे, गाजर आणि कांदा पसरावा, वर ब्रेस्ट ठेवावे आणि जेमतेम अर्धी वाटी पाणी घालावे. मांसाला स्वतःचे पाणी भरपूर सुटते. पहिला तास ‘हाय’वर आणि नंतर साधारण चार ते पाच तास ‘लो’वर ठेवावे. प्रेशर कुकरच्या शिट्ट्यांची सवय असलेले लोक दर अर्ध्या तासाने झाकण उघडतात. प्रत्येक वेळी शिजण्याला वीस-तीस मिनिटे उशीर होतो. शेवट घड्याळावर नव्हे, तर थर्मामीटरवर ठरवावा: हाडाला न टेकवता सर्वांत जाड भागात ७४ अंश दिसलेच पाहिजेत.

विजेबद्दल दोन शब्द अधिक लिहितो, कारण कुकर चालू ठेवून दिवसभर बाहेर जाण्याचा मोह येथे अंगाशी येऊ शकतो. वीज मध्येच जाऊन परत आल्यावर खटक्याचा कुकर गुपचूप पुन्हा सुरू होतो आणि संध्याकाळी परतलेल्या माणसाला मधला खंड कळतही नाही. म्हणून टर्की घरी असतानाच शिजवावी. वीज गेली तर मांस लगेच पातेल्यात काढून गॅसवर पूर्ण शिजवावे, आणि आपल्या पाठीमागे वीज किती वेळ नव्हती हे सांगता येत नसेल, तर शिजल्यासारखे दिसणारे मांसही टाकून द्यावे. अमेरिकेतून आलेला १२० व्होल्टचा कुकर केवळ पिन बदलून आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये लावू नये.

कातडी स्लो कुकरमध्ये कुरकुरीत होत नाही. हवी असल्यास ती काढून तव्यावर परतावी. मांस पंधरा मिनिटे झाकून ठेवावे आणि धाग्यांच्या आडवे कापावे. खाली उरलेला रस गाळून, उकळून, थोडे कॉर्नफ्लोअर लावून घट्ट करावा आणि सोबत पोदेराकडची, म्हणजे गोव्याच्या पाववाल्याकडची, ताजी पोई (कोंड्याचा पाव) द्यावी. गोव्यातील पाहुण्याला भातापेक्षा ती अधिक आवडेल. उरलेले मांस हाडापासून सोडवून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे, तीन-चार दिवसांत संपवावे, आणि पुन्हा गरम करताना स्लो कुकर न वापरता कढईत वाफ येईपर्यंत परतावे.