जपानी स्का-पंक ऐकायला सुरुवात कशी करावी

आधी हेडफोन बाजूला ठेवा. 'एक आणि दोन आणि' असं मोठ्याने म्हणा. आकड्यावर पाय आपटा, 'आणि'वर टाळी द्या. आरतीत बरोब्बर ठोक्यावर टाळी द्यायची सवय असलेले आपले हात सुरुवातीला हटकून चुकतात. मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि घरच्यांना माझ्या तब्येतीची काळजी.

त्या 'आणि'वर स्काची गिटार वाजते. वादक तारा झटकतो आणि लगेच डाव्या हाताची बोटं सैल सोडतो, म्हणून सूर लांबत नाही. 'चक्' होऊन तुटतो. ही चाल १९५०च्या दशकाच्या अखेरीस जमैकात जन्मली. पुढे तिला पंक, म्हणजे वेगवान, गोंगाटी रॉक, भेटला आणि वेग वाढला. जपानी बँडनीही हे मिश्रण उचललं.

टाळी जमली की टोकियो स्का पॅराडाइज ऑर्केस्ट्रा लावा. तिकडे त्यांना लाडाने 'स्कापारा' म्हणतात. १९८९पासून त्यांच्या रेकॉर्ड येताहेत. बरीचशी गाणी नुसती वाद्यांची, त्यामुळे भाषेचा प्रश्नच नाही. 'पॅराडाइज हॅज नो बॉर्डर' तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त 'चक्' शोधा. दुसऱ्यांदा ट्रम्पेट. तिसऱ्यांदा सगळ्यात खालून घोगरा आवाज काढणारा बॅरिटोन सॅक्सोफोन. तो आत्सुशी यानाका वाजवतात. वरातीतल्या बँडमुळे पितळी वाद्यांचा दणका आपल्याला नवा नाही. इथे ती वाद्यं किती झटक्यात थांबतात ते बघा.

मग पितळ पूर्ण काढून टाका आणि हाय-स्टँडर्ड या बँडकडे वळा. तिघंच जण, आणि गाणी इंग्रजीत. 'मेकिंग द रोड' हा त्यांचा १९९९चा अल्बम, स्वतःच्याच 'पिझ्झा ऑफ डेथ' लेबलवर काढलेला. गिटार इथे तुटत नाही, करवतीसारखी सलग चालते. पण त्या गोंगाटावरची चाल इतकी गोड असते की दुसऱ्या दिवशी भांडी घासताना ओठांवर येते. पॉप-पंकमधला 'पॉप' तो हाच.

आता दोन्ही एकत्र: केमुरी. नावाचा अर्थ धूर. त्यांचा 'लिटल प्लेमेट' हा १९९७चा अल्बम लावा आणि गिटार 'चक्'वरून सलग करवतीवर गेली की बोट वर करा. परत आली की खाली. पाचेक गाण्यांत हा सांधा न शोधता ऐकू येऊ लागतो. माझ्या मते या संगीताची सगळी गंमत त्या सांध्यात आहे; तो कळला नाही तर सगळं नुसतंच फास्ट वाटतं.

जपानी शब्द हवे असतील तर ओकिनावाच्या मंगोल ८०० या बँडचा 'मेसेज' (२००१) हा अल्बम घ्या. यात पितळ नाही. 'चीसाना कोई नो उता', म्हणजे छोट्याशा प्रेमाचं गाणं, इथूनच सुरू करा. जपानी अक्षरं बहुतेक स्वरावर संपतात, त्यामुळे देवनागरीत लिहून घेतलं की लगेच सोबत गाता येतं.

टोकियोत असाल, निशी-कासाईत बरीच मराठी मंडळी आहेतच, तर लाइव्ह हाउसला, म्हणजे बँड वाजतात त्या छोट्या सभागृहाला, जा. ही गाणी बनलीच तिथल्या गर्दीसाठी. तिकिटाशिवाय दारात एका ड्रिंकचे पाचसहाशे येन वेगळे द्यावे लागतात, सुट्टे ठेवा. बॅग लॉकरमध्ये, टॉवेल गळ्यात. गर्दीच्या डोक्यावरून उडी मारायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते; दारावरची पाटी बघून घ्या. नाच सोपा आहे: कोपरं आणि गुडघे आलटून पालटून, जागच्या जागी धावल्यासारखे.

आत सोडतात ते तिकिटावरच्या क्रमांकाने, आणि पुकारा जपानीत होतो. आपला आकडा रांगेत उभं राहण्याआधी पाठ करा. १४७ असेल तर 'ह्याकु-योन्जू-नाना'.